डिश कुठे बघते?



पावसाळी वारा सुटला, आणि टीव्हीवर अक्षरं आली... ‘नो सिग्नल’.
लगेच रिमोट घेऊन सेटिंग बदलू नका.
आधी गच्चीवर जाऊन डिश बघा.

डीडी फ्री डिशच्या वाहिन्या येतात जीसॅट-१५ या उपग्रहावरून.
महाराष्ट्रातून तो आग्नेयेला आहे.
डिशसमोर झाड वाढलंय का? नट सैल झालाय का?

आता सेट टॉप बॉक्सचा मेनू उघडा.
तिथे दोन पट्ट्या दिसतील.
एक ‘स्ट्रेंथ’. दुसरी ‘क्वालिटी’.

बहुतेक जण पहिलीवरच खूश होतात!
पण डिश भलतीकडे असली, तरी नुसती केबल जोडलेली असल्यानं ती पट्टी भरलेली दिसू शकते.

म्हणून लक्ष ठेवायचं ‘क्वालिटी’वर.
पुन्हा सांगते... ‘क्वालिटी’वर.

एकानं टीव्हीसमोर बसावं. दुसऱ्यानं डिश अगदी केसभर हलवावी... आणि थांबावं.
बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन क्षण लागतात.
‘क्वालिटी’ वाढली, की नट आवळा.

तरीही वाहिन्या नाहीत?
मग मेनूत एलएनबीचा, म्हणजे डिशपुढच्या डबीचा, प्रकार तपासा.
त्या डबीवर तो बहुधा छापलेला असतो.
तोच निवडा, आणि ‘ऑटो स्कॅन’ करा.

आणि हो, ओल्या पत्र्यावर चढू नका. मालिका उद्याही लागेल.