गोबरगॅसची नळी : खड्ड्यापासून शेगडीपर्यंत
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



1981-82 साली राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. 1984 मध्ये घुमटाचं दीनबंधू संयंत्र आलं, आणि गावोगावी गोबरगॅस दिसू लागला. पण काही घरी खड्डा भरलेला, शेणकाला चांगला आणि शेगडी मात्र विझलेली, असंही दिसतं. मग घरची बाई पुन्हा धुरात बसते. दोष बहुधा गॅसला दिला जातो. पण तो गॅसचा नसून पुष्कळदा जमिनीतल्या नळीचा असतो. आज त्या नळीविषयीच सांगणार आहे.

खड्ड्यातला गॅस ओलसर असतो. नळीत तो गार झाला की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. थंडीच्या रात्री हे पाणी जास्त सुटतं आणि नळीला जिथं झोळ असेल तिथं साचतं. लोखंडी टाकीच्या संयंत्रात गॅसचा दाब जेमतेम 10 सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे झोळात तेवढ्या उंचीचं पाणी साचलं की गॅस अडलाच. ज्योत आधी फडफडते, मग विझते. अशी फडफड दिसली की खड्ड्यात जास्तीचं शेण ओतू नका, आधी नळीतलं पाणी काढा.

यावर उपाय उताराचा. नळीला घराकडून खड्ड्याकडे दर 10 फुटांमागे सव्वा इंच उतार द्या. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी आणा आणि चराचा तळ मोजून घ्या. सगळ्यात खालच्या जागी टी जोडून त्याला बूच बसवा आणि भोवती विटांचा लहान हौद बांधा. दर पंधरवड्याला, आणि थंडीत दर आठवड्याला, मुख्य कॉक बंद करून बूच सैल करा. पाणी निथळलं की बूच घट्ट लावा. त्या वेळी जवळपास विडी, चूल किंवा कंदील नको.

आता चराविषयी. गेवराई, माजलगावकडं गोदाकाठची काळी जमीन. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्या ओढाताणीत नळीचे सांधे निखळतात. तिथं दीड फूट खोल चर घ्या. तळाशी चार बोटं वाळू किंवा बारीक मुरूम पसरा, नळी ठेवा, वरही तेवढाच थर द्या आणि मगच माती लोटा. आष्टी, पाटोद्याच्या माळावर खडक लवकर लागतो. तिथं निदान फूटभर खोदा, आणि तेवढंही जमत नसेल तर नळीवर मातीचा बांध घाला. गाडीवाट नळीवरून जात असेल तर तिथं चर आणखी खोल घ्या. वरची माती हेच नळीचं पांघरूण आहे. ती जेवढी जाड, तेवढं पाणी कमी सुटतं.

जमिनीत काळी एचडीपीई नळी चालते. शक्यतो अखंड तुकडा घ्या, म्हणजे मातीखाली सांधा येणार नाही. भिंतीजवळ जिथं नळी वर येते तिथं मात्र लोखंडी नळी लावा, कारण प्लॅस्टिक उन्हानं कडक होतं आणि उंदीरही कुरतडतात. खड्डा घराजवळ हवा, पण पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान 15 मीटर दूर.

चर बुजवण्याआधी गॅस सोडून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर गळती आहे असं समजा. काडी ओढून गळती कधीही तपासू नका. घरात सडक्या अंड्यासारखा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, कॉक बंद करा आणि दिवाबत्ती पेटवू नका. रिकाम्या खड्ड्यात तर कुणीही उतरू नये. तिथला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. वाचवायला मागोमाग उतरणाराही दगावतो.

आपल्या जिल्ह्याची एक अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघालं की बैलंही गाडीबरोबर जातात आणि शेण कमी होतं. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. तेव्हा वर्षभर दावणीला किती जनावरं राहतात ते मोजूनच खड्ड्याचा आकार ठरवा. परत आल्यावर आधी नळीतलं पाणी काढा, सांध्यांना फेस लावून बघा, मगच शेगडी पेटवा.

संयंत्र बांधायचं असेल तर पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा. आणि गवंडी चर बुजवायला लागला की स्वतः उभं राहून उतार पुन्हा मोजून घ्या. चर एकदा बुजला की नळीतला झोळ डोळ्यांना दिसत नाही, तो शेगडीवरच कळतो.