‘ही तर बायकांची गाडी!’



आत्ताच ताईंनी माझी ओळख ‘बुलेटवाल्या मावशी’ अशी करून दिली. माझी गाडी बुलेट नाही, पण चालेल. मोटारसायकलवर बाई दिसली की लोक तिला बुलेटवालीच म्हणतात, त्याची मला सवय झाली आहे.

‘स्त्रिया आणि रस्ता’ या विषयावर बोला, असं तुम्ही सांगितलंत. मी मात्र एका इटालियन मोटारसायकलबद्दल बोलणार आहे. तिचं नाव डुकाटी मॉन्स्टर. आपल्यापैकी कुणी ती विकत घेण्याची शक्यता नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तिचं नवं रूप भारतात आलं, तेव्हा किंमत अकरा लाखांच्या आसपास होती. आपल्या बचत गटाची सगळी खाती एकत्र केली तरी तिचं पुढचं चाक येईल की नाही, शंका आहे. मग ही श्रीमंतांची चैन इथे कशाला? तर त्या गाडीबद्दल तिचे चाहते जे बोलले, तेच मी गेली चाळीस वर्षं ऐकत आले आहे. कधी स्वस्तातल्या गाड्यांबद्दल, कधी माझ्याबद्दल.

मी शिकले लूनावर. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये काढलेली ती छोटी गाडी मुळात इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाव’ नावाच्या मोपेडवरून घेतलेली. म्हणजे इटलीचा आणि आपला संबंध तसा जुना आहे. लूनाने किती शिक्षिका, नर्सेस, डबे पोचवणाऱ्या बायका कामावर नेल्या, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण तिला ‘गाडी’ म्हणायला आमच्या गल्लीतले पुरुष तयार नसत. “लूना काय, बायका चालवतात ती!” हे वाक्य वर्णन म्हणून सुरू व्हायचं आणि निकाल म्हणून संपायचं.

आता मॉन्स्टरकडे येते. या जातीच्या गाड्यांना ‘नेकेड’ म्हणतात, म्हणजे उघड्या. हसू नका. शर्यतीच्या गाड्यांना वारा कापण्यासाठी पुढे आणि बाजूंना प्लॅस्टिकचं कवच असतं. ते काढलं की इंजिन, नळ्या, सांगाडा सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून हे नाव. ही मूळ गाडी १९९२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली. मिगेल गॅलुझी या अर्जेंटिनात जन्मलेल्या माणसाने तिचा आराखडा केला. कारखान्यातल्या दुसऱ्या गाड्यांचे भाग त्याने एकत्र आणले: एकीचं इंजिन, दुसरीचा सांगाडा. आपण फडताळातल्या उरल्यासुरल्यातून थालीपीठ लावतो, तसंच. ते थालीपीठ इतकं खपलं की पुढे डुकाटीच्या एकूण विक्रीत निम्म्याहून जास्त वाटा मॉन्स्टरचा होता, अशीही वर्षं आली. २०२० पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. इटालियनमध्ये मोटारसायकल स्त्रीलिंगी, पण तिथल्या लोकांनी हिला लाडाने नाव दिलं ‘इल मोस्त्रो’, तो राक्षस. पुल्लिंगी!

या राक्षसाची ओळख म्हणजे त्याचा सांगाडा. लोखंडी नळ्या त्रिकोण-त्रिकोणात जोडलेल्या, जुन्या रेल्वे पुलांच्या जाळीसारख्या. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने नवी मॉन्स्टर जाहीर केली आणि तिच्यात ही जाळीच नव्हती. तिच्या जागी ॲल्युमिनियमचा तीन किलोंचा छोटा तुकडा, जुन्यापेक्षा साडेचार किलोंनी हलका. इंजिन मोठं झालं, ९३७ सीसीचं. एकूण गाडी आधीच्यापेक्षा १८ किलोंनी उतरली. कोरडं वजन १६६ किलो. हँडल सात सेंटिमीटर चालवणाऱ्याकडे सरकलं, जास्त वळू लागलं. सीट जमिनीपासून ८२० मिलिमीटरवर, पण दोन्ही बाजूंनी अरुंद केलेली, म्हणजे पाय सरळ खाली जातो. आणखी बुटकी सीट हवी तर ८०० ची, सस्पेन्शनही खाली घेतलं तर ७७५ ची सोय.

जगभरचे चाहते खवळले. माझा भाचा आणि त्याचे मित्र रविवारी सकाळी आमच्या अंगणात गाड्या धुवायला जमतात, त्यामुळे मला ही चर्चा घरबसल्या ऐकायला मिळाली. एक म्हणाला, हाडंच काढून घेतली. दुसरा म्हणाला, जपानी करून टाकली. तिसऱ्याच्या मते कुणी चोरून बोधचिन्ह खरवडलं तर ही कोणत्या कंपनीची हे ओळखू येणार नाही.

इथपर्यंत मला त्यांचं पटत होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. ती जाळी सुंदरच होती. वजन कुठून कुठे जातं, जोड कुठे आहे, यंत्राचं सगळं काम डोळ्यांना दिसायचं. आवडती गोष्ट बदलली की माणसाला वाईट वाटणारच, त्यात पुरुषी असं काही नाही. २०२५ च्या अखेरीस पुन्हा नवी मॉन्स्टर जाहीर झाली, ८९० सीसीची. तिच्या इंजिनातून डुकाटीची जुनी ओळख असलेली ‘डेस्मो’ व्यवस्था, म्हणजे स्प्रिंगशिवाय व्हॉल्व्ह बंद करण्याची रीत, गेली. पुन्हा तोच शोक झाला. तोही मी समजू शकते.

पण २०२० च्या त्या रविवारी चौथा मुलगा बोलला. हातातला फडका पिळत म्हणाला, “हलकी काय, बुटकी काय, हँडल जवळ काय... ही तर बायकांची गाडी झाली!” आणि सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

मी विचारलं, “अरे, इंजिन मोठं, ताकद १११ अश्वशक्ती, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. वजन कमी. मग ती पळणार जास्त की कमी?” म्हणाला, जास्त. वळणावर बरी की वाईट? म्हणाला, बरी. “मग बिघडलं काय?” त्यावर तो म्हणाला, “मावशी, तुम्हाला नाही कळणार.” मला कळलं होतं. गाडी वाईट झाली नव्हती. आधी जी जड गाडी पेलते हा ज्याचा मोठेपणा होता, तो मोठेपणा १८ किलोंनी कमी झाला होता.

वजनाचं हे प्रकरण नवीन नाही. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथल्या रस्त्यावरची मोटारसायकल शर्यत जगप्रसिद्ध आणि जीवघेणी. १९६२ मध्ये बेरिल स्वेन ही बाई तिथे एकटीने गाडी चालवणारी पहिली स्त्री ठरली. तिची गाडी होती ५० सीसीची, इटोम, इटलीतल्या तुरिनची. बेरिल २२ वी आली. पडली नाही, कुणाला पाडलं नाही. पुढे काय झालं? तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला गेला. बाईला काही झालं तर लोक काय म्हणतील, ही भीती. आणि चालवणाऱ्याचं किमान वजन इतकं हवंच, असा नियम आला. तेव्हा बाई हलकी म्हणून बाहेर. त्यानंतर एकटीने चालवणारी दुसरी बाई, हिलरी मसन, तिथे उतरली १९७८ मध्ये. मधली सोळा वर्षं रस्ता तोच होता. पुढे २०१८ मध्ये स्पेनच्या आना कार्रास्कोने पुरुषांबरोबर शर्यत करून ३०० सीसीच्या गटात जगज्जेतेपद मिळवलं, तोपर्यंत बेरिल हयातही नव्हती.

म्हणजे बघा, बाई हलकी असली तर ती अपात्र, आणि गाडी हलकी झाली तर ती बाईची, म्हणून कमअस्सल. तराजू एकच आणि तो धरणारा हातही एकच.

आता जडपणाबद्दल माझं स्वतःचं सांगते. माझी साडेतीनशे सीसीची गाडी एकशे नव्वद किलोंच्या वर आहे. माझं वजन सांगत नाही, पण तिच्या निम्म्याहून कमी आहे. बरीच वर्षं झाली, कात्रजच्या जुन्या घाटात खडीवर ती उजवीकडे आडवी झाली. मला लागलं नव्हतं. चार जण धावत आले आणि उचलायच्या आधी एकाने म्हटलंच, “झेपत नाही तर कशाला आणायची, बाई?” ते वाक्य मी घरापर्यंत नेलं. नंतर एका वयस्कर मेकॅनिकने मला शिकवलं ते असं. आधी इंजिन बंद. गाडी गियरमध्ये टाकायची, म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा. हँडल पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून, बुड सीटला टेकवून, उकिडवं बसायचं. एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांड्याला. आणि उठायचं. कमरेने नाही, हातांनी नाही, पायांनी. छोटी पावलं मागे टाकत. हंडा डोक्यावर घेऊन जी बाई उठली आहे, तिला हे पहिल्या दिवशी जमतं. जिमला जाणाऱ्या दोघा मुलांना मी हेच शिकवलं, त्यांना दुसऱ्या दिवशी जमलं.

आणि एक राहिलं. भारतात आल्यावर ती मॉन्स्टर बघायला मी भाच्याबरोबर एका शोरूममध्ये गेले होते. विक्रेता सगळी माहिती त्याला देत होता, मला पाणी देत होता. मी बसून बघते म्हटल्यावर तो भाच्याला म्हणाला, “हो सर, बसू द्या ना, लेडीजनाही सोपी आहे ही.” त्या एका वाक्यावर भाच्याचा चेहरा पडला. त्याने गाडीभोवती आणखी एक फेरी मारली आणि शेजारची जड गाडी बघायला गेला. मी बसले. माझी उंची पाच फूट तीन इंच. दोन्ही पायांचे चवडे टेकले, टाचा नाही. बुटक्या सीटवर टाचाही जवळ येतील. विक्रेत्याला मी सीटचा भाव विचारला, त्याने तो भाच्याला सांगितला.

रविवारपासून आपले गाडी शिकण्याचे वर्ग सुरू होतात, सकाळी सात वाजता, शाळेच्या मैदानावर. पहिल्या दिवशी कुणी गाडी चालवणार नाही. पहिल्या दिवशी माझी गाडी आडवी पाडायची आहे आणि प्रत्येकीने ती उभी करायची आहे. चपला नकोत, बूट घाला. ओढणी बांधून या, साडी असेल तर पदर खोचून. ज्यांच्या घरून विचारतील कुठे निघालात, त्यांनी खरं ते सांगावं.