संख्येचे दोन मठ



अहिल्यानगर जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी घ्या किंवा देशावरील दुसरें एखादें जुनें गांव घ्या. खळ्यावर धान्य मापण्याची आपली जुनी रीत मोठी अर्थपूर्ण होती. पहिलें माप पडलें कीं मापारी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मोजणी चाले ती दोनापासून. ग्रीक विचारवंतही एकाला संख्या मानीत नसत. एक हें संख्येचें मूळ, संख्या त्याच्यापुढें, असें त्यांचें मत.

हें मत ज्यांच्या पंथांत मुरलेलें होतें तो पायथागोरस सामोस बेटावरचा. इ.स.पूर्व ५३० च्या सुमारास तो दक्षिण इटलींतील क्रोतोन नगरीं गेला. तार निम्मी केली कीं वरचा षड्ज बोलतो, दोनतृतीयांश ठेवली कीं पंचम. मग स्वरांप्रमाणें सारें विश्वही संख्येनेंच बांधलेलें असलें पाहिजे, असें त्याच्या अनुयायांनीं ठरविलें. कल्पना भव्य खरी, पण तिचा अतिरेक पाहा. दहा ही पूर्ण संख्या. आकाशांत मात्र तारामंडळ, पांच ग्रह, सूर्य, चंद्र व पृथ्वी मिळून भरतात नऊ. म्हणून त्यांनीं कोणास न दिसणारी एक ‘प्रतिपृथ्वी’ कल्पिली! शिवाय सारें गुप्त. कांहीं वर्गमुळें पूर्णांकांच्या प्रमाणांत बसत नाहींत हें रहस्य फोडणारा समुद्रांत बुडाला, अशी आख्यायिका आहे. पुढच्या शतकांत लोकांनीं त्यांच्या सभागृहांवर हल्ले केले.

आपल्याकडचा संख्येचा मठ चाळीसगांवजवळील पाटण येथें होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (ज्ञानेश्वरांस भेटलेला योगी तो निराळा) हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ व घराण्यांतील इतर ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें हा मठ काढला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें इ.स. १२०७ मध्यें त्यास दान दिलें. हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ मध्यें उजेडांत आणला.

लेखाचा आरंभ संस्कृत आहे. पण उत्पन्नाचा प्रश्न आला कीं तो मराठी बोलूं लागतो. पेठेंतील मालावरचा कर मठास. प्रत्येक घाण्यामागें पळीभर तेल मठास. धान्य मापावयाचें तें मठाच्या मापानें, आणि मापणावळ अर्धी मठास, अर्धी मापाऱ्यास. ग्रहगणिताचा खर्च असा तेली आणि मापारी उचलीत होते. मला तरी त्या वंशावळीच्या श्लोकांहून ह्या चार रोकड्या ओळी अधिक मोलाच्या वाटतात.

येथें करणींचें, म्हणजे त्या बुडविलेल्या वर्गमुळांचें, गणित उघड नियमांनीं मांडलेलें होतें. बीजगणितांत आचार्य विचारतात: भुज १५, कोटि २०, तर कर्ण किती? असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून जुळवा. मध्यें ५ बाजूचा चौरस उरतो. चार त्रिकोणांचें क्षेत्र ६००, मधलें २५. एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. पायथागोरसाच्या नांवानें जगभर शिकविला जाणारा सिद्धान्त तो हाच. येथें तो जमिनीवर रेघा ओढून कोणासही पडताळतां येतो.