शिकवणारे नको, शिकणारे यंत्र द्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मोबाईलवर गप्पा मारणारे यंत्र, म्हणजे चॅटबॉट, आता वावरापर्यंत आले आहे. पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी करायला सरकारने २०२३ साली 'किसान ई-मित्र' काढला. चौकशीला तो ठीक आहे. पण शेती शिकवायचीही हीच तऱ्हा ठेवली, तर पुन्हा सांगणारे ते आणि माना डोलावणारे आपण!

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात याच्या उलटा खेळ रचला गेला. त्याचे नाव 'बेटीज ब्रेन'. पडद्यावरच्या बेटीला काहीच येत नाही. शाळेतली पोरे तिला शिकवतात. कशामुळे काय वाढते, काय घटते, ते बाण जोडून दाखवतात. मग बेटी परीक्षेला बसते. ती चुकली की पोरे आपले काय चुकले ते पुन्हा वाचून शोधतात. अशा खेळांत मुले स्वतःसाठी करत नाहीत एवढी खटपट त्या विद्यार्थ्यासाठी करतात, असे संशोधकांना आढळले.

मग आपल्या कपाशीवर असा खेळ का नको? समजा, फोनमध्ये एक नवखा सालगडी आहे. तो विचारतो, "दादा, कामगंध सापळ्यात काल आठ पतंग आले. फवारू का?" तुम्ही 'मार' म्हणालात की औषधाचे पैसे वजा. कारण गुलाबी बोंडअळीची मर्यादा एका सापळ्यात रोज आठ पतंग, आणि तेही सलग तीन रात्री, अशी आहे. पुढे तो म्हणतो, "फरदड ठेवू का?" ठेवा म्हणालात, की पुढच्या हंगामात बोंडे किडलेली. खेळातला हंगाम दहा मिनिटांत बुडतो आणि लगेच पुन्हा पेरता येतो. वावरातला बुडाला की सावकाराचे दार.

धोकाही सांगतो. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हे बोलके यंत्र लोकांपुढे मांडले. ते माणसाचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी. तरी त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. तिला त्याच्याशी एकटीने बोलायचे होते! आजची यंत्रे त्याहून गोड बोलतात, आणि औषधाचे चुकीचे प्रमाणही तितक्याच ठामपणे सांगू शकतात. म्हणून या सालगड्याचे आकडे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतून घेऊन पक्के बसवलेले हवेत. बाकी ठिकाणी त्याने सरळ 'मला माहीत नाही' म्हणावे.

आणि त्याचे प्रश्न मुंबईत बसून कोणी लिहू नयेत. डोमकळी ओळखायची कशी, हे निंदणाऱ्या बाईला विचारा. आज जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक गावाने नवख्या गड्याच्या पाच चुका कागदावर लिहून द्याव्यात. ज्वारीवाल्यांनीही द्याव्यात. बायांचा कागद वेगळा घेऊ.