चिनी केसी आणि घरची पैठणी

चीन देशांत सुंग राजवटीच्या काळीं (इ. स. ९६० ते १२७९) 'केसी' नांवाची रेशमी चित्रविणाई भरभराटीस आली. तींत रंगीत बाणा काठापासून काठापर्यंत न जातां नक्षीपुरताच फिरून मागें वळतो. दोन रंगांच्या उभ्या सीमेवर बारीक चीर राहते. म्हणून नांवाचा अर्थ 'चिरलेलें रेशीम'. आपल्या येवल्याच्या पैठणीचा पदरहि याच रीतीनें विणतात. मात्र येथें शेजारचे धागे एकमेकांत अडकवितात.

केसीचे तुकडेहि संग्रहालयांत जपले जातात. आजीची जीर्ण पैठणी मात्र मीं जळगांवांत जरीच्या चांदीसाठीं विकली! मुलांस इतिहास शिकविणाऱ्या मला घरचा इतिहास दिसला नाहीं. आपल्या पेटींत अशी पैठणी असेल, तर ती मलमलींत सैल गुंडाळून ठेवा. घडीवर रेशीम तुटतें.