रानाची भाषा ऐकणारा माणूस : कै. मारुती चितमपल्ली



१८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे मारुती चितमपल्ली यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली होती. नोकरी वनखात्याची; परंतु महाराष्ट्रातील मुलांना घरबसल्या रान दाखविण्याचे काम त्यांनी स्वेच्छेनेच पत्करले होते. तसा हुकूम कोणत्याही कचेरीतून निघाला नव्हता.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, सोलापुरातील गिरणी कामगाराच्या घरचा. घरची भाषा तेलुगू. पक्ष्यांची व झाडांची पहिली ओळख आईने करून दिली. पुढे कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे त्यांची सेवा झाली. नवेगावबांधला हा अधिकारी गावचे माधवराव पाटील डोंगरवार, तळ्यावरचे ढीवर व रानातले गोंड यांच्यापाशी विद्यार्थी होऊन बसला. त्यांच्या तोंडची नावे त्याने रोजनिशीत टिपली. त्यातूनच पुढे ‘पक्षिकोश’ सिद्ध झाला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी मराठीस दिले. २००६ साली सोलापुरास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांस मिळाले, त्यांची मातृभाषा मराठी नव्हती, हे शिक्षकाने विसरू नये.

यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट विशेष लागू पडते. टिपेश्वरच्या आसपास, केळापूर-झरीच्या बाजूस, कोलामी व गोंडी बोलणारी मुले शाळेत येतात. या भाषा तेलुगूच्याच कुळातील आहेत. वाचनाच्या तासाला असा मुलगा खाली मान घालून बसतो आणि ‘मंद’ हा शिक्का त्याच्यावर फार लवकर बसतो. तोच मुलगा रानात नेला, तर आवाजावरून पक्षी ओळखतो. त्या तासापुरता गुरू तो असतो, आणि गुरुजींनी तसे मोकळेपणी मान्य करावे.

चितमपल्लींच्या जन्मदिनापासून सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ पाळला जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी रोडावते, हे खरे. पण पक्षी कपाशीच्या शेतातही दिसतातच. भाषणे व घोषणा यांत सप्ताह घालवू नये. सकाळी मुलांना गावतळ्यावर न्यावे. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतील, ते पाहावेत, काढू नयेत. वर्गात एक वही ठेवावी : पक्ष्याचे पुस्तकातील नाव, मुलाच्या घरी बोलले जाणारे नाव आणि तो कोठे दिसला. दुसरा रकाना मुलांनीच भरावयाचा. तेथे गुरुजींनी लाल शाई वापरू नये.

सप्ताह संपल्यावर वही कपाटात जाऊ नये. फाल्गुनात पळस फुलला म्हणजे त्यावर कोणकोणते पक्षी येतात, हे तिसरीतील मूलही मोजू शकते.