अंग बाहेर येणे : दुर्बीण की रोबो?



पुण्याच्या मार्केट यार्डात भाजीच्या गाड्या लागल्या, की हमालांच्या बरोबरीने बायकाही पाट्या उचलताना दिसतात. यार्डातली ही बाई आणि तिकडे रानात भारा वाहणारी बाई, दोघींनाही एक दुखणे गाठू शकते. बायका त्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. बाळंतपणांत ओटीपोटाचे स्नायू आणि बंध सैल पडतात. जड ओझे, जुना खोकला, नेहमीचा मलावरोध आणि उतारवय त्यात भर घालतात. मग गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरते.

हे दुखणे सहसा जिवावर बेतत नाही. पण लाजेपायी बाई वर्षानुवर्षे ते पदराआड ठेवते. 1989 साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीकडील दोन गावांतल्या 650 स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरांत 92 जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम 8!

आता समजा, तिने धीर करून सांगितले. घरचे लोक जाहिरात घेऊन गुरुजींकडे येतात. “गुरुजी, रोबोनेच करावे का? म्हैस विकू, पण चांगले करू.” या प्रश्नाचे उत्तर गुरुजींपाशी हवे.

खाली आलेला भाग वर ओढून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपाशी बळकट बंधाला टाकून धरायचा, हे या शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व. ते रोबोबरोबर आलेले नाही. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (1899–1971) यांनी तरुण स्त्रियांचे गर्भाशय न काढता, मांडीतल्या पडद्याची पट्टी घेऊन ते असेच मागे बांधण्याची पद्धत घालून दिली. त्या वेळी पोट उघडावे लागे. आता दुर्बिणीने चार-पाच बारीक छिद्रांतून काम होते. शल्यवैद्य टेबलापाशी उभा राहून लांब हत्यारे चालवतो आणि बहुधा जाळीची पट्टी टाकतो.

रोबोतही छिद्रे तशीच, पट्टीही तीच. फरक इतकाच, की वैद्य थोडा बाजूला बसून यंत्राचे हात हलवतो. यंत्राचे मनगट सगळीकडे वळते, आतले चित्र खोलीसह दिसते, टाके घालणे सोपे जाते. पण यंत्र आपल्या मनाने काहीच करत नाही. हात माणसाचाच.

मग गुण कशाने जास्त? अमेरिकेत क्लीव्हलंड येथे 78 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. 2011 साली निष्कर्ष आला. वर्षभरानंतरचा गुण सारखाच; रोबोला मात्र सुमारे तासभर वेळ अधिक, खर्चही अधिक. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका चाचणीतही, 2014 साली, गुण सारखा आणि रोबोचा खर्च जास्त असेच दिसले. सरावलेल्या हातांनी वेळ घटेल, यंत्रेही स्वस्त होतील. पण जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त गुण येतो, असे या चाचण्यांतून निघत नाही.

आडत्याने दिलेल्या हिशेबपट्टीत हमाली किती, तोलाई किती, हे शेतकरी बोट ठेवून विचारतो ना? तसेच दवाखान्यातही विचारावे. ही शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली आहे? जाळी टाकणार का, आणि तिचा पुढे त्रास होऊ शकतो का? खालच्या वाटेने, पोटाला छिद्र न पाडता, जमेल का? सगळे मिळून खर्च किती? सरकारी योजनेत बसेल का? ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाचा सल्लाही आधी घ्यावा.

आणि सगळ्यांत पहिला प्रश्न : शस्त्रक्रिया लागेलच का? दुखणे थोडे असेल तर ओटीपोटाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने आराम पडतो. आत बसवायच्या कड्यानेही पुष्कळ जणींचे भागते; फक्त ते वेळोवेळी तपासून घ्यावे लागते.

तेव्हा सासूबाईंनो, सुनेला विचारा. सुनांनो, सासूबाईंना विचारा. गुरुजींनी आणि बाईंनी पालकसभेत हा विषय काढायला संकोचू नये. म्हैस विकायची की नाही हे मागाहून ठरेल. आधी तपासणी होऊ द्या.